पन्नासाचे शंभर: खाणपट्ट्यातील एका फुटबॉल क्लबच्या तिकीटदराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यातील एका गावाच्या फुटबॉल क्लबचे आहे. क्लबच्या समितीने आपल्या हिशेबाच्या वह्या आणि सभांची इतिवृत्ते अभ्यासासाठी उघडून दिली, आणि गावाचे, क्लबचे किंवा कोणाही माणसाचे नाव येणार नाही, एवढीच अट घातली. आकडे ढोबळ करून दिले आहेत, मात्र त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मूळचेच आहे.

क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे आणि गोवा फुटबॉल असोसिएशनच्या खालच्या विभागात खेळतो. तिथल्या लीग सामन्यांना तिकीट नसते आणि प्रेक्षकही मोजकेच असतात. क्लबच्या हातात खरा पैसा येतो तो वर्षातून एकदा पंचायतीच्या मैदानावर प्रकाशझोतात भरवल्या जाणाऱ्या सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून. पंधरा रात्री, पंधरा सामने, भोवती पत्र्यांचे कुंपण, एका बाजूला लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून केलेली गॅलरी, आणि दाराबाहेर रोस-ऑम्लेट, भजी-पाव व सोड्याचे गाडे, असे त्या स्पर्धेचे रूप. गोव्यात अशा आंतरग्राम स्पर्धा पुष्कळ गावांत होतात आणि त्यांना जमणारी गर्दी पाहून एखाद्या व्यावसायिक क्लबलाही हेवा वाटावा.

या क्लबचा पैसा पूर्वी तिकिटावर अवलंबून नव्हता. खाणी चालू होत्या तोपर्यंत खाण कंपन्या, यंत्रसामग्रीचे कंत्राटदार आणि गावातले ट्रकमालक यांच्या देणग्यांवर वर्ष निघत असे. त्या काळी तिकीट पाच-दहा रुपयांचे होते आणि ते मुख्यतः गर्दी आवरण्यासाठी लावले होते, असे जुने सभासद सांगतात. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मात्र ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पट्टा पुन्हा थंडावला. गोव्याच्या फुटबॉलची आणि खनिजाची नाळ किती जुनी आहे, हे धेंपो, साळगावकर आणि सेसा या खाण उद्योगातलीच नावे घेतलेल्या क्लबांवरूनही कळते. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, त्यामागे त्या लीगच्या फेररचनेला असलेला विरोध होता. तरीही त्यानंतरच्या काळात गावागावांतल्या क्लबांना आपला खर्च आपणच उचलावा लागणार हे स्पष्ट झाले. पट्ट्यातल्या गावांना तो धडा चार वर्षे आधीच मिळाला होता.

खर्चाचा ताळा

प्रकरण घडले ते टाळेबंदी उठल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात. त्याआधीच्या वर्षी स्पर्धेवर ८ लाख ६० हजार आणि लीगच्या संघावर वर्षभरात साडेचार लाख, असे एकूण १३ लाख १० हजार रुपये खर्च झाले होते. प्रायोजक, स्मरणिकेतील जाहिराती आणि गाड्यांच्या जागांची पावणी (लिलावातून येणारी रक्कम) मिळून ७ लाख आले होते. गेटवर १०,५०० तिकिटे ५० रुपयांनी खपली, म्हणजे सव्वापाच लाख. राहिलेली ८५ हजारांची तूट बँकेतली शेवटची ठेव मोडून भरून काढली.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. एका प्रायोजकाने हात आखडल्याने गेटशिवायचे उत्पन्न ५० हजारांनी घटून साडेसहा लाखांवर आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. यजमान संघ आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाला होता आणि ते गावाला फार लागले होते. त्यामुळे संघ व्यवस्थापकाने समितीतल्या दोघांना सोबत घेऊन तीन बाहेरचे खेळाडू ठरवले आणि त्यांना आगाऊ रक्कमही देऊन टाकली. स्पर्धेतल्या स्वतःच्या संघाचा खर्च दीड लाखावरून ३ लाख ४० हजारांवर गेला. एकूण खर्च आता १५ लाख आणि गेटवरून हवे असलेले उत्पन्न साडेआठ लाख. जुन्या दराने आणि जुन्या गर्दीने सव्वापाचच आले असते. सव्वातीन लाखांच्या या खिंडारात ८५ हजार जुनी तूट होती, ५० हजार प्रायोजकाचे होते आणि उरलेले १ लाख ९० हजार त्या तीन खेळाडूंचे.

ही फोड इतिवृत्तात कुठेही नाही. खेळाडूंचा निर्णय झाला त्यानंतर तीन आठवड्यांनी तिकिटाच्या दराची सभा भरली आणि त्या सभेपुढे ‘वाढता खर्च’ एवढाच शब्द आला. माझ्या मते प्रकरणाचे मूळ याच जागी आहे. तिकिटाचा दर ठरवण्याचा अधिकार कागदावर सर्वसाधारण समितीचा होता, प्रत्यक्षात तो दर तीन माणसांनी एका संध्याकाळी खेळाडूंशी बोलणी करताना ठरवून टाकला होता, आणि समितीने नंतर जे केले ती निव्वळ बेरीज होती.

पहिला निर्णय: शंभर रुपये

सभेत ७०, ८० आणि १०० असे तीन दर चर्चेला आले. खजिनदाराचे गणित असे होते की १०० रुपये केले आणि गर्दी पाचव्या हिश्शाने घटली, तरी ८,४०० तिकिटांचे ८ लाख ४० हजार होतात आणि खिंडार जवळजवळ बुजते. ऐंशी रुपयांत गर्दी थोडी जरी घटली तरी रक्कम आठ लाखांच्या आसपासच राहत होती. शंभराच्या बाजूने आणखी एक कारण आले, ते म्हणजे सुटे पैसे. दारावर रांग असताना वीस-तीस रुपये परत करत बसणे जमत नाही, हे खरे. परंतु त्याच दाराबाहेरचे भजीवाले एव्हाना मोबाइलवर पैसे घेत होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तू व सेवा कराचीही एकाने आठवण काढली, मात्र तो विषय तिथेच मिटला.

दोन गृहीतके तपासली गेली नाहीत. एक म्हणजे दर रात्री सरासरी ७०० तिकिटे खपतात हे. ही सरासरी अंतिम आणि उपांत्य सामन्यांच्या गर्दीने फुगलेली होती. पहिल्या फेरीच्या साध्या रात्री आदल्या वर्षीही चारशेच्या आसपासच तिकिटे गेली होती. दुसरे गृहीतक असे की तिकीट घेणारा प्रत्येक माणूस सारखाच. बाहेरगावचा समर्थक आपला संघ खेळतो त्या रात्री येतो, संघ हरला की त्याची स्पर्धा संपते, आणि त्याला एकूण एक किंवा दोन तिकिटे पडतात. गावातला माणूस मात्र जवळजवळ रोज येतो, कारण मार्चमध्ये रात्री करण्यासारखे गावात दुसरे काही नसते आणि सगळे तिथेच भेटतात. पंधराही रात्री येणाऱ्याचा खर्च ७५० वरून १,५०० झाला. चौघांचे कुटुंब आठ रात्री आले तर १,६०० चे ३,२०० झाले. दर एकच होता, पण त्याचे ओझे एक नव्हते, आणि सर्वांत जड ओझे नेमके त्या माणसांवर पडत होते ज्यांच्या नावाने क्लब चालतो.

पहिले चार सामने

पहिल्या तीन सामन्यांत बाहेरगावचेच संघ होते. तिन्ही रात्री मिळून १,११० तिकिटे खपली. आदल्या वर्षी पहिल्या तीन रात्री १,२०० खपली होती. दर दुप्पट होऊनही घट नगण्य होती.

चौथा सामना यजमान संघाचा होता. आदल्या वर्षी यजमानांच्या पहिल्या सामन्याला ८८० तिकिटे गेली होती. यंदा ४१० गेली, आणि त्यातली बरीचशी प्रतिस्पर्धी गावाच्या लोकांनी घेतली होती. गावातली तीन-चारशे माणसे कुंपणाबाहेरच्या चढावर उभी राहिली. तिथून एक गोलपोस्ट दिसतो आणि दुसरा दिसत नाही, तरी ती पूर्ण वेळ तिथेच होती. घोषणा कोणी दिल्या नाहीत. संघाने गोल केला तेव्हा मात्र बाहेरून टाळ्या वाजल्या आणि आतली गॅलरी गप्प राहिली. सामना क्लबने जिंकला.

अध्यक्ष मध्यंतरात बाहेर जाऊन बोलले. समर्थकांपैकी एकाने त्यांना सांगितलेले वाक्य इतिवृत्तात नोंदवले आहे: “अण्णा, शंभर रुपये आम्ही जत्रेतल्या नाटकाला पण देतो. पुढच्या तीनशे खुर्च्यांवर कोण फुकट बसलेत ते आधी सांगा.” क्लब दर रात्री ३०० मोफत पास वाटत असे. काही प्रायोजकांना, काही पंचायतीला, काही वीज आणि पोलिस खात्यातल्या ओळखीच्या माणसांना, आणि उरलेले समितीच्या नातेवाइकांना. गॅलरीसमोरच्या खुर्च्या सगळ्या त्यांच्याच होत्या. पन्नास रुपये तिकीट असताना हे सर्वांना दिसत होते आणि कोणी विचारत नव्हते.

हिशेबाच्या नजरेने पाहिले तर समितीला घाबरण्याचे कारण नव्हते. चार रात्रींत १,५२० तिकिटांचे १ लाख ५२ हजार आले होते. आदल्या वर्षी त्याच चार रात्रींत २,०८० तिकिटांचे १ लाख ४ हजार आले होते. खजिनदाराने हा मुद्दा सभेत मांडला आणि तो चुकीचा नव्हता. पण गेट हे स्पर्धेच्या उत्पन्नाचे एकच अंग आहे. गाडेवाल्यांनी १ लाख २० हजारांची पावणी भरली होती आणि यजमानांच्या रात्री त्यांचा माल उरला. त्यांनी पैसे परत मागितले. फलक लावलेल्या एका दुकानदाराने रिकाम्या गॅलरीचे छायाचित्र समितीला पाठवून पुढच्या वर्षाचा विचार करावा लागेल असे कळवले. शिवाय समितीतल्या निम्म्या लोकांच्या घरची माणसेच चढावर उभी होती, हेही विसरता येत नाही.

पुढे असलेले पर्याय

चौथ्या सामन्यानंतर शिमग्यामुळे तीन दिवस स्पर्धा बंद होती. ही सुट्टी नसती तर काय झाले असते, सांगता येत नाही. रोज सामना असताना या समितीला रात्री दोनच्या आधी घरी जायला मिळत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली आणि तिला समर्थकांचे चार प्रतिनिधी बोलावले गेले.

शंभर रुपये कायम ठेवावेत, असे खजिनदाराचे मत होते. त्यांच्या बाजूने तीन रात्रींचा पुरावा होता आणि आता माघार घेतली तर पुढे दर वर्षी लोक चढावर उभे राहतील, ही भीतीही. विरुद्ध टोकाला सरळ पन्नासावर येण्याचा प्रस्ताव होता. त्याने गाव आत आले असते, पण तूट तीन लाखांच्या घरात गेली असती आणि ती भरायला ठेव उरली नव्हती.

एका तरुण सभासदाने इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचा दाखला दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांचे तिकीट जाहीर झाल्यावर सुमारे दहा हजार समर्थक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून गेले आणि चार दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगने पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. दाखला खरा आहे, पण तो इथे कितपत लागू पडतो हे पाहायला हवे होते. तिथे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणाऱ्या रकमेपुढे तिकीटवाढीतून मिळणारे पैसे किरकोळ असल्याने मालकांना माघार परवडली. या क्लबच्या पंधरा लाखांत साडेआठ लाख गेटचेच होते. समर्थकांचे ऐकण्याची किंमत श्रीमंत क्लबला कमी आणि गरीब क्लबला जास्त पडते, ही गोष्ट त्या सभेत कोणी बोलले नाही. दुसरीकडे, त्याच घटनेतला पाहुण्यांच्या तिकिटाचा भाग अधिक उपयोगी ठरला असता: वेगळ्या प्रेक्षकांचा वेगळा विचार करता येतो, हे त्यातून दिसते.

गावातल्या घरांसाठी स्वतंत्र पास हा पर्याय एका निवृत्त शिक्षिकेने मांडला. त्यावर दोन आक्षेप आले. पहिला, घर गावातले हे कसे ठरवायचे. त्यावर शिधापत्रिकेचा उपाय निघाला. दुसरा आक्षेप नाजूक होता. बाहेरच्यांना जास्त आणि आपल्यांना कमी असे दिसले, तर पुढच्या महिन्यात आपली पोरे त्यांच्या गावच्या स्पर्धेला जातील तेव्हा काय तोंड दाखवायचे? पास सर्वांसाठी खुला ठेवायचा, गावाचे नाव त्यावर घालायचे नाही, असा मार्ग काढण्यात आला. रोज येणारा पास घेईल आणि एकदा येणारा तिकीट घेईल. गावचा कोण हे विचारण्याची गरजच उरत नाही. संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा क्षण होता, असे मला वाटते.

बाहेरच्या खेळाडूंना परत पाठवण्याची मागणीही झाली. आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती, करार तोंडी होते, आणि यजमान संघ नुकताच जिंकला होता. चढावर उभे राहिलेल्यांपैकीच काहींनी या मागणीला विरोध केला. समर्थकांना स्वस्त तिकीट हवे असते आणि तगडा संघही हवा असतो. त्यात लबाडी नाही, पण या दोन इच्छांचा हिशेब एकाच कागदावर मांडून कोणी त्यांच्यापुढे ठेवलेला नव्हता.

काय केले

उरलेल्या अकरा सामन्यांसाठी गॅलरीचा दर ६० रुपये करण्यात आला. घरटी पास ५०० रुपयांना, एका घरातल्या सगळ्यांसाठी. मोफत पास ३०० वरून ६० वर आणले आणि ते कोणाला दिले याची यादी दारावर लावली. पुढच्या २०० खुर्च्यांना १५० रुपये दर लावला आणि मोकळ्या झालेल्या जागेत सतरंज्या घालून १४ वर्षांखालील मुलांना फुकट बसवले. तिकिटांच्या अनुक्रमांकाची मोजणी रोज रात्री दोन समर्थकांच्या समोर करायची, आणि त्या रात्रीचे गेट व त्या रात्रीचा खर्च फळ्यावर लिहायचा, असेही ठरले.

खुर्च्यांचा निर्णय सर्वांत कठीण गेला, दराचा नव्हे. ज्यांचे पास रद्द झाले त्यांत मैदानाची परवानगी देणारे लोक होते, आणि पंचायतीच्या एका सदस्याने तो अपमान समजून अंतिम सामन्याला येण्याचे नाकारले. समितीने यादी बदलली नाही.

बाहेरच्या तीन खेळाडूंपैकी दोघांनी ठोक रकमेऐवजी सामन्यागणिक मानधन घ्यायचे मान्य केले. तिसऱ्याने मानले नाही. गाडेवाल्यांना पावणीतले २० हजार परत देण्यात आले.

परिणाम

शिमग्यानंतरच्या पहिल्याच रात्री चढ रिकामा होता. उरलेल्या अकरा सामन्यांत गॅलरीची ६,३०० तिकिटे खपली, त्यांचे ३ लाख ७८ हजार झाले. खुर्च्या ७४० विकल्या गेल्या, १ लाख ११ हजार आले. पास ९६ घरांनी घेतले, त्यांचे ४८ हजार. पहिल्या चार रात्रींची रक्कम धरून गेट ६ लाख ८९ हजारांवर पोहोचले, म्हणजे हव्या असलेल्या रकमेपेक्षा १ लाख ६१ हजार कमी. यजमान संघ उपांत्यपूर्व सामन्यात पेनल्टींवर हरला आणि त्यामुळे सामन्यागणिक मानधनातले ६० हजार वाचले. संघ हरल्यामुळे क्लबचे पैसे वाचावेत, ही रचनाच विचित्र आहे, पण त्या वर्षी तिने हात दिला. गाडेवाल्यांना परत दिलेली रक्कम धरून शेवटची तूट १ लाख २१ हजार राहिली. समितीच्या पाच सदस्यांनी बिनव्याजी ७० हजार घातले आणि उरलेल्या ५१ हजारांसाठी जनरेटरवाल्याला पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितले.

फळ्यावरच्या हिशेबाचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. फळा लागल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून लोक सामना सुटल्यावर फळ्यापाशी थांबू लागले आणि दिव्यांच्या खर्चावर प्रश्न विचारू लागले. एका रात्रीच्या प्रकाशझोतांना १२ हजार जातात हे गावात पहिल्यांदा कळले. त्यातून गावातल्याच एका मांडववाल्याने पुढच्या वर्षी कमी दरात दिवे देण्याची तयारी दाखवली.

वेगळे काय करता आले असते

तूट कायम राहिली याचे कारण समर्थकांची नाराजी नव्हती. ती समितीच्या माघारीत तयार झाली. पहिल्या तीन रात्रींनी स्पष्ट दाखवले होते की बाहेरगावचा प्रेक्षक शंभर रुपये देतो आहे. तक्रार रोज येणाऱ्या गावकऱ्याची आणि फुकट्या खुर्च्यांची होती. त्या दोन्ही तक्रारींवर पास आणि पासांची यादी हे नेमके उपाय होते. तरीही समितीने गॅलरीचा दर सर्वांसाठी ६० केला आणि ज्यांनी सवलत मागितलीच नव्हती त्यांनाही ती देऊन टाकली. त्याच ६,३०० तिकिटांना ८० रुपये दर ठेवला असता तर १ लाख २६ हजार जास्त आले असते, म्हणजे अख्खी तूट भागली असती. दर वीस रुपयांनी चढा राहिल्यावर थोडी गर्दी घटली असती हे मान्य, आणि तीन रात्रींचा पुरावा तोकडा आहे हेही. पण जो पुरावा हाती होता तो कोणी गावकरी आणि बाहेरगावचे अशी फोड करून पाहिला नाही. चढावर उभी असलेली माणसे इतकी डोळ्यांपुढे होती की आत बसलेली दिसेनाशी झाली.

पास सुरुवातीपासून असता तर चौथी रात्र आलीच नसती, असे समितीतले बहुतेक आता म्हणतात. मला यात थोडी शंका आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी पास काढला असता तर तो समितीने ठरवलेला आणखी एक दर झाला असता, आणि पुढच्या खुर्च्या तशाच राहिल्या असत्या. पास स्वीकारला गेला तो मोफत पासांची यादी दारावर लागली त्याच दिवशी. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या असत्या तर दोन्ही फसण्याचा संभव होता.

बाहेरच्या खेळाडूंच्या बाबतीत मात्र दुमत असू नये. ते ठरवू नयेत असे नाही. यजमान संघ पहिल्या फेरीत हरला की पुढच्या रात्रींची गर्दी घटते, हा अनुभव आहे आणि म्हणून त्यांच्यावरचा खर्च काही अंशी गेटवर परतही येतो. पण हा खर्च आणि तिकिटाचा दर एकाच सभेत, एकाच कागदावर यायला हवे होते, म्हणजे समितीला विचारता आले असते की १ लाख ९० हजारांचा संघ हवा की जुन्या दरातले तिकीट, आणि हाच प्रश्न गावालाही विचारता आला असता.

पावसाळ्यातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढच्या वर्षासाठी घरटी पास ७०० रुपये, एका रात्रीचे तिकीट ८० रुपये आणि मोफत पासांची मर्यादा ६० असे ठराव मंजूर झाले. संघाच्या खर्चाचा आकडा दर ठरण्याआधी सभेपुढे ठेवणेही बंधनकारक करण्यात आले. एका ठरावावर एकमत झाले नाही. कोणत्या खेळाडूला किती दिले हे फळ्यावर लिहावे, अशी समर्थकांची मागणी आहे, आणि एका खेळाडूचा आकडा कळला की दुसरे गाव त्याला जास्त देऊन नेते, असे व्यवस्थापकाचे म्हणणे आहे. त्यावर सध्या एकूण रक्कम तेवढी जाहीर करावी असे ठरले असून उरलेला विषय स्पर्धेआधीच्या सभेवर सोडला आहे.